जुन्नर परिसरात आकाशनिरीक्षणासाठी जागा कशी शोधावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर, ओतूर, नारायणगाव आणि आळेफाटा येथील रहिवाशांकडून, तसेच सुट्टीत गावी येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जुन्नर हे लहानच गाव आहे. तारे पाहायला गावाबाहेर जाण्याची खरेच गरज आहे का?

चंद्र, ग्रह, मृग, व्याध, रोहिणी आणि सप्तर्षी पाहण्यासाठी ती गरज नाही. ज्याला नक्षत्रांची ओळख करून घ्यायची आहे, त्याने तर घराच्या गच्चीवरूनच सुरुवात करावी, कारण अतिशय काळोख्या जागी एकदम इतके तारे दिसतात की नवख्या माणसाला पाठ केलेली आकृतीही सापडेनाशी होते. गावाबाहेर जावे लागते ते अंधुक आणि पसरट गोष्टींसाठी: आकाशगंगेचा पट्टा, देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ आणि बारीक उल्का. या वस्तूंचा प्रकाश आकाशाच्या पार्श्वभूमीपेक्षा किंचितच अधिक असतो आणि पार्श्वभूमी थोडी जरी उजळली तरी त्या तिच्यात विरून जातात.

२. चांगली जागा म्हणजे नेमकी कशी जागा?

बहुतेक लोक फक्त काळोख शोधतात आणि तेथेच फसतात. काळोखाइतकेच महत्त्व दिशेला आहे, कारण आपल्या भागात चारही दिशांना काळोखी असलेली जागा जवळपास नाही. प्रत्येक ठिकाणी एखाद्या दिशेला कोणत्या तरी गावाचा किंवा औद्योगिक वसाहतीचा उजेड क्षितिजावर घुमटासारखा दिसतोच. म्हणून त्या रात्री काय पाहायचे आहे हे आधी ठरवावे आणि मग जागा अशी निवडावी की गाव पाठीशी येईल. दक्षिणेकडचे वृश्चिक आणि धनू पाहायचे असतील तर गावाच्या दक्षिणेला जावे. त्याच गावाच्या उत्तरेला तेवढेच अंतर गेलात तर हवे ते आकाश नेमके उजेडाच्या वर येईल. याशिवाय क्षितिज मोकळे असावे, जवळपास उघडा दिवा नसावा, गाडी नीट वळवता यावी, आणि जागा दिवसाउजेडी एकदा पाहून ठेवलेली असावी. ही शेवटची अट मी सर्वांत वर ठेवतो. रात्री प्रथमच गेलेल्या माणसाला विहिरीचा कठडा आणि कड्याची धार यांतला फरक कळत नाही.

३. गावापासून किती दूर गेले म्हणजे पुरे?

याचा एक ढोबळ नियम आहे. गावाच्या उजेडामुळे आकाशात जी चमक दिसते, ती अंतराच्या सुमारे अडीचाव्या घाताच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे अंतर दुप्पट केल्यास ती साधारण सहाव्या हिश्शावर येते. त्यामुळे पहिले काही किलोमीटर सर्वाधिक लाभ देतात आणि पुढे प्रवास वाढतो त्या मानाने फायदा वाढत नाही. जुन्नरच्या आकाराच्या गावापासून १० ते १५ किलोमीटर आणि मध्ये एखादी डोंगररांग, इतके नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणाला बहुधा पुरते. मात्र चाकण आणि पुणे, किंवा कल्याण आणि मुंबई यांना हे माप लागू होत नाही. त्यांच्या उजेडाचे घुमट ५० किलोमीटरवरूनही दिसतात.

४. मग जुन्नरहून कोणत्या बाजूला जावे?

येथे दोन वेगळे प्रदेश आहेत आणि त्यांचे गुणदोष उलटसुलट आहेत.

पश्चिमेकडे आपटाळे आणि चावंडच्या पुढे घाटघर, नाणेघाट आणि आंबे-हातवीज ही पठारे आहेत. वस्ती विरळ, भातखाचरे मोकळी आणि उंची चांगली असल्यामुळे माथ्यावरचे व पूर्वेकडचे आकाश येथे सुरेख दिसते. नैऋत्येला भीमाशंकरचे अरण्य असल्याने त्या बाजूलाही मोठे गाव आडवे येत नाही. दोष आहे तो थेट पश्चिमेला: सह्याद्रीच्या धारेवर उभे राहिले की खाली मुरबाड आणि त्यामागे कल्याण-मुंबईचा उजेड पसरलेला दिसतो, आणि कोकणातून वर येणारी दमट हवा तो उजेड आणखी फाकवते. म्हणून नाणेघाटाच्या अगदी तोंडाशी न बसता धारेपासून एक-दोन किलोमीटर आत, जीवधन किंवा एखादा उंचवटा पश्चिमेला आडोसा म्हणून ठेवून बसावे. कड्याच्या काठावर अंधारात फिरण्याचा धोकाही त्यामुळे टळतो. शनिवार-रविवारी घाटमाथ्यावर तंबूवाल्यांची गर्दी, दिव्यांच्या माळा आणि मोठ्या आवाजातले संगीत असते. शक्य असेल तर मधला वार निवडावा.

पूर्वेकडे आळेफाट्याच्या पुढे घाट चढून गेल्यावर आणे पठार लागते. हा पर्जन्यछायेतला, कोरडवाहू शेतीचा भाग आहे. दव कमी, धुके कमी आणि क्षितिज लांबवर मोकळे. पावसाळा संपता संपता पश्चिमेकडे ढग रेंगाळत असताना येथे आकाश अनेकदा आधी उघडते. उणीव अशी की कल्याण–अहिल्यानगर महामार्ग या पठारावरूनच जातो आणि मालमोटारींचे दिवे डोळ्यांवर येत राहतात. पेमदरा किंवा नळावण्याच्या बाजूला महामार्गापासून आत गेल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. दक्षिणेला रांजणगाव आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींची चमक मात्र राहतेच.

उत्तरेकडे मढ आणि खिरेश्वरचा परिसर चांगला आहे, पण तेथे हरिश्चंद्रगडाची रांग उत्तरेचे आकाश बरेच झाकते. ध्रुव तारा आपल्या अक्षांशावर क्षितिजापासून अवघा १९ अंश उंच असतो, हे जागा पाहताना ध्यानात ठेवावे.

माझा स्वतःचा कौल असा: ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणे पठार, डिसेंबर ते एप्रिल पश्चिमेची पठारे.

५. प्रकाशप्रदूषणाच्या नकाशावर आमच्या वस्तीचा भाग काळा दिसतो, पण प्रत्यक्षात तेथे भरपूर उजेड आहे. नकाशा चुकीचा आहे का?

नकाशा चुकीचा नाही, पण तो काय मोजतो हे समजून घ्यावे लागते. असे बहुतेक नकाशे उपग्रहाने रात्री टिपलेल्या प्रकाशावर आधारलेले असतात. हा उपग्रह मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो, तेव्हा मंगल कार्यालये, दुकाने आणि यात्रेचे मंडप बंद झालेले असतात; आपण निरीक्षणाला बसतो ती संध्याकाळ त्याच्या नोंदीत येतच नाही. दुसरे असे की त्याचा संवेदक निळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळा आहे. गावोगावी पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी दिवे आले, त्यांचा निळा अंश उपग्रहाला दिसत नाही, पण हवेत तोच सर्वाधिक विखुरतो. तेव्हा नकाशा पाहून दिशा ठरवावी आणि जागेचा निर्णय प्रत्यक्ष जाऊन घ्यावा. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

६. एखादी जागा किती काळोखी आहे, हे उपकरणाशिवाय कसे ठरवावे?

जॉन बोर्टल या अमेरिकी हौशी निरीक्षकाने २००१ मध्ये आकाशाच्या काळोखासाठी १ ते ९ अशी श्रेणी मांडली. १ म्हणजे सर्वाधिक काळोख आणि ९ म्हणजे महानगराचे मध्य. ती उपयोगी आहे, परंतु आपल्या अक्षांशावर तीन कसोट्या विशेष सोप्या पडतात, कारण त्या वस्तू जवळजवळ डोक्यावर येतात आणि तेथे क्षितिजावरच्या धुरळ्याचा अडथळा नसतो.

नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास पूर्वाभाद्रपदा आणि उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन माथ्यावर असतो. त्याच्या आत किती तारे दिसतात ते मोजावे. एकही दिसत नसेल तर जागा सोडून द्यावी, चार-पाच दिसले तर जागा चांगली, आणि दहाच्या वर गेले तर ती जागा कोणाला सांगावी याचा विचार करावा. जानेवारीत रात्री पावणेनऊच्या सुमारास कृत्तिका माथ्याजवळ येतात; त्यात सहा तारे साधारण बऱ्या जागेवरून दिसतात, आठ-नऊ दिसले तर आकाश उत्तम. मार्चमध्ये रात्री दहाच्या सुमारास पुष्य नक्षत्र जवळपास खस्वस्तिकावर, म्हणजे ऐन डोक्यावर येते. तेथला तारकागुच्छ कापसाच्या पुंजक्यासारखा नुसत्या डोळ्यांना दिसला, तर जागा वर्षभर वापरण्याजोगी आहे.

मोजणी करण्यापूर्वी डोळे अंधाराला सरावलेले असणे आवश्यक आहे (प्रश्न १३).

७. वर्षातला कोणता काळ योग्य?

जून ते सप्टेंबर हा काळ सोडूनच द्यावा. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातील प्रसिद्ध उल्कावर्षाव आपल्याकडे म्हणूनच क्वचित कोणी पाहिलेला असतो. पावसाने धुतलेली हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत पारदर्शक असते, आणि त्या दिवसांत अंधार पडताच धनू राशीजवळचा आकाशगंगेचा तेजस्वी भाग नैऋत्येला तासभर पाहता येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री मोठ्या आणि आकाश स्थिर असते. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव येतो आणि तो आपल्याकडचा सर्वांत भरवशाचा वर्षाव आहे. मार्चपासून वणवे, ऊस जाळल्याचा धूर आणि धूळ यांमुळे क्षितिज मळकट होते, तरी आकाशगंगेचा मध्यभाग मार्चमध्ये पहाटे आणि मेमध्ये मध्यरात्रीच्या आसपास वर येतो, आणि तेवढ्यासाठी एखादी रात्र जागण्यास हरकत नाही.

८. चंद्राचा हिशोब कसा ठेवावा?

घरातले पंचांग यासाठी कोणत्याही ॲपइतकेच चांगले आहे. पौर्णिमेनंतर चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणून तेव्हापासून संध्याकाळचे आकाश पूर्ण मोकळे मिळते. अमावास्येनंतर शुद्ध चतुर्थीपर्यंत चंद्र लवकर मावळतो आणि रात्री साडेनऊनंतर काम सुरू करता येते. म्हणजे महिन्यातले जवळपास बारा दिवस हाती लागतात, फक्त अमावास्याच नव्हे. मात्र सूर्य मावळल्यावर लगेच पूर्ण अंधार होत नाही; त्याला सुमारे सव्वा तास लागतो.

९. अमावास्येच्या रात्री बाहेर पडू नये असे घरचे म्हणतात. आणि दिवाळीची अमावास्या कशी?

घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा वद्य दशमी किंवा शुद्ध द्वितीया निवडावी. निरीक्षणाच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही. आश्विन अमावास्येचा अपवाद मात्र सर्वांनीच पाळावा. लक्ष्मीपूजनाची ती रात्र पंचांगाप्रमाणे काळोखी असली तरी दिवे आणि फटाक्यांचा धूर यांमुळे वर्षातली सर्वांत वाईट अमावास्या ठरते, आणि थंड हवेत तो धूर पुढे दोन-तीन दिवस खालीच तरंगत राहतो.

१०. बिबट्याचे काय?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर या तालुक्यात ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्या राहू लागला, वाढू लागला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे राहिले ते यामुळेच. म्हणून बागायती पट्टा, म्हणजे ऊस, केळी आणि ओढ्याकाठची झाडी, निरीक्षणासाठी पूर्णपणे वर्ज्य मानावी, मग आकाश कितीही चांगले असो. ऊसतोड सुरू असताना प्राणी आसरा बदलत फिरतात, तेव्हा दक्षता आणखी वाढवावी. पठारांवर ऊस नाही, तरी तेथे बिबट्या नाहीच असे कोणी समजू नये.

एकट्याने जाऊ नये. चार-पाच जण असावेत. मोकळ्या माळावर, झुडपांपासून दूर आणि गाडीच्या जवळ बसावे. मुले मध्यभागी असावीत आणि त्यांना लघवीसाठीही एकटे सोडू नये. उघड्यावर झोपू नये. खाली वाकून किंवा उकिडवे बसून दुर्बिणीशी खटपट करणाऱ्याच्या शेजारी एक जण उभा असावा, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. अधूनमधून बोलत राहावे आणि मोठी विजेरी हाताशी ठेवावी. लाल दिव्याचा नियम (प्रश्न १३) येथे गौण आहे. बिबट्या दिसल्यास पळू नये, एकत्र राहून आवाज करावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्या आठवड्यात परिसरात हल्ला झाला असेल तर बेत रद्द करावा. तारे कोठे जात नाहीत.

११. शिवनेरीवर किंवा हडसर, चावंड, जीवधनवर रात्री थांबता येईल का?

शिवनेरी हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि सूर्यास्तानंतर तेथे थांबता येत नाही. शिवाय ते गावाच्या उशालाच असल्यामुळे आकाशाच्या दृष्टीने त्याचा उपयोगही नाही. बाकीच्या किल्ल्यांच्या खोदीव पायऱ्या आणि उघड्या टाक्या पाहता, अंधारात साहित्य घेऊन चढणे-उतरणे मी कोणालाही सुचवणार नाही. पायथ्याच्या माळावरून तेच आकाश दिसते.

१२. माळ मोकळा आहे, मग परवानगी कोणाची घ्यायची?

मोकळा दिसणारा माळ कोणाचा तरी असतोच: खासगी, गायरान किंवा वन विभागाचा. खासगी जागेत मालकाला दिवसा भेटून विचारावे. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना कळवावे. वनजमीन असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नये. रात्री अनोळखी गाडी, दिवे बंद करून, माळावर तासन् तास उभी दिसली की गावकऱ्यांना चोरांचा संशय येणे स्वाभाविक आहे. शेतीपंपांना रात्रीची वीज असते त्या दिवसांत शेतकरी पाणी धरायला बाहेरच असतात, आणि आधी ओळख करून ठेवली असेल तर त्यांचीच सोबत होते.

१३. लाल दिवा खरेच आवश्यक आहे का? मोबाइल चालत नाही का?

डोळा अंधाराला पूर्ण सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एकच झोत ती सर्व मेहनत वाया घालवतो. मंद लाल प्रकाशाचा परिणाम कमी होतो. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधले की काम भागते. मोबाइलचा पडदा अगदी मंद करूनही उजळच राहतो, म्हणून तो खिशातच बरा. गाडीचे दार उघडताच आत लागणारा दिवा आधीच बंद करून ठेवावा. ही चूक प्रत्येक गटात एकदा तरी होतेच.

१४. धरणाच्या काठावर क्षितिज मोकळे मिळते. ती जागा चांगली नाही का?

माणिकडोह, वडज किंवा पिंपळगाव जोगे जलाशयाच्या काठी संध्याकाळी दोन तास छान जातात. त्यानंतर हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात साचते, पाण्यावर धुके धरते आणि भिंगांवर दव बसते. पाण्याची पातळी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला पण आतून ओला असतो, त्यात गाडी रुतते. रात्रभर बसायचे असेल तर त्याच परिसरात शंभर-दीडशे मीटर उंच जागा शोधावी.

१५. खोडदच्या किंवा गिरवलीच्या दुर्बिणीतून आम्हाला आकाश पाहता येईल का?

खोडदची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांना डोळा लावण्याची जागाच नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते आणि ते जरूर पाहावे. एरवी तबकड्यांजवळ रात्री जाऊन मोबाइल आणि इतर उपकरणे चालवणे म्हणजे त्यांच्या कामात अडथळा आणणे होय. जुन्नर–घोडेगाव रस्त्यावरच्या गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची २ मीटर आरशाची प्रकाशीय वेधशाळा २००६ पासून आहे, परंतु ती संशोधनासाठी आहे. तिच्या रस्त्यावर प्रखर दिवे लावून फिरू नये.

१६. दुर्बीण घ्यावी का?

पहिल्या वर्षी नाही. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री काळोख्या जागी जे दाखवते, ते गावातली मोठी दुर्बीणही दाखवू शकत नाही.

१७. आमच्या भागातून त्रिशंकू दिसतो का? अनेकदा शोधूनही सापडला नाही.

त्रिशंकू म्हणजे दक्षिणेकडचा क्रूसाच्या आकाराचा तारकासमूह. तो दिसतो, पण जेमतेम. जुन्नर १९.२ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे त्रिशंकू ऐन दक्षिणेला आला तरी क्षितिजापासून सुमारे ११ अंशच वर चढतो, आणि त्याचा सर्वांत खालचा, सर्वांत तेजस्वी तारा आठ अंशांच्या आत राहतो. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश झाकते. दक्षिणेला मुठीच्या उंचीचा डोंगर असेल तर ती जागा या कामाला निरुपयोगी आहे, आणि पश्चिमेच्या खोऱ्यांत बहुतेकांची निराशा होते ती यामुळेच. एप्रिलच्या उत्तरार्धात रात्री अकराच्या सुमारास किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात दहाच्या सुमारास पठाराच्या दक्षिण काठाजवळून पाहावे. इतक्या खाली आपण माथ्याच्या तुलनेत पाचपटीहून अधिक हवेतून पाहत असतो, म्हणून वळवाची सर येऊन गेल्यानंतरची स्वच्छ रात्र साधावी. हा द्राविडी प्राणायाम नको असेल, तर जानेवारीत रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला १८ अंशांवर अगस्त्य दिमाखात चमकत असतो.

१८. काळोख्या जागी जाऊनही आकाशगंगा छायाचित्रांतल्यासारखी रंगीत दिसली नाही. जागा चुकली का?

जागा चुकलेली नाही. कॅमेरा कित्येक सेकंद प्रकाश साठवतो. डोळ्याला ते जमत नाही, आणि मंद प्रकाशात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. राखाडी, मधूनच फाटलेल्या पांढऱ्या पट्ट्यासारखी आकाशगंगा दिसली आणि त्यातले काळे खळगे ओळखता आले, तर जागा उत्तम आहे.

१९. आमची नेहमीची जागा चांगली होती, पण शेजारच्या वाडीत उंच खांबावरचे पांढरे दिवे लागले. आता जागा सोडावी लागेल का?

आधी त्रास कोणत्या प्रकारचा आहे ते तपासावे. हाताने तो दिवा झाकला असता माथ्यावरचे तारे परत दिसू लागले, तर त्रास केवळ डोळ्यांवर येणाऱ्या झोताचा आहे. गोठ्याची भिंत, बांध किंवा गाडी यांच्या सावलीत बसल्याने तो सुटतो. दिवा झाकूनही आकाश फिकटच राहिले, तर हवा उजळली आहे आणि तेथे आडोशाचा उपयोग नाही. प्रश्न २ आणि ४ च्या आधारे नवी जागा शोधावी. तत्पूर्वी ग्रामपंचायतीकडे एक अर्ज अवश्य द्यावा. दिवे काढून टाका अशी मागणी त्यात करू नये, कारण बिबट्याच्या मुलखात ते दिवे लोकांनी भीतीपोटी मागून घेतलेले असतात. दिव्यांचा कोन सरळ खाली करावा, वरच्या बाजूला झाकण बसवावे आणि शक्य तेथे पिवळसर दिवे वापरावेत, एवढेच मागावे. तसे केल्याने आज आकाशात वाया जाणारा उजेड वाडीच्या अंगणात आणि वाटेवर पडतो, आणि अर्जात हाच मुद्दा पहिला लिहावा.